ड्रोन, मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा आणि भूसुरुंग: मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

पोळा झाला की शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे विषय ठरायला लागतात आणि नांदेड, लातूर, परभणी, संभाजीनगरहून आम्हाला ड्रोनच्या कॅमेऱ्याने भूसुरुंग शोधण्याबद्दल तेच तेच प्रश्न यायला लागतात. विचारणारे बहुतेक अभियांत्रिकीचे विद्यार्थी. काही फवारणीचा ड्रोन चालवणारी पोरं, आणि दोन-चार निवृत्त फौजी. फौजींचे प्रश्न सगळ्यांत अवघड. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा हे एकत्र करून ठेवलं आहे. एखाद्या उत्तरातला मुद्दा दुसरीकडे सविस्तर असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मराठवाड्यात कुठे भूसुरुंग आहेत? मग इथे बसून हा उद्योग कशाला?

मराठवाड्यातल्या शेतात भूसुरुंग नाहीत. पण २००१-०२ मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या वेळी आपल्या लष्कराने पश्चिम सीमेवर मोठ्या प्रमाणात सुरुंग पेरले आणि नंतर ते काढताना सैनिक आणि सीमेवरचे शेतकरी, दोघांनाही इजा झाल्या. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झालेला एखादा माणूस गावात असेल तर त्याच्याजवळ बसा. पुस्तकात नसलेलं बरंच कळेल.

दुसरं कारण मातीचं. या विषयावरचे बरेचसे प्रयोग वाळूत आणि रेताड जमिनीत झाले. आपल्याकडे काळी कसदार, चिकण, भेगाळणारी माती आहे आणि तिच्यात पुस्तकातल्या निम्म्या युक्त्या चालत नाहीत. आमच्या मते या विषयात मराठवाड्याने घालण्यासारखी भर असेल, तर ती इथेच.

२. कॅमेऱ्याला जमिनीखालचा सुरुंग दिसतो का?

नाही. दृश्य प्रकाश आणि जवळचा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश मातीत एक मिलिमीटरही धड शिरत नाही. कॅमेऱ्याला दिसतात त्या तीन गोष्टी: वर पडलेला सुरुंग, तो पुरताना उकरलेली माती, आणि त्यामुळे त्या जागी बदललेली उष्णता किंवा वाढलेलं-खुरटलेलं गवत.

वर पडलेल्या सुरुंगाचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे सोव्हिएत बनावटीचा पीएफएम-१, फुलपाखरासारखा. प्लास्टिकचा, सुमारे १२ सेंटिमीटर लांब, ७५ ग्रॅमचा, विमानातून विखुरला जाणारा. अफगाणिस्तानात लहान मुलांनी खेळणं समजून उचलला तो हाच. असा सुरुंग ड्रोनच्या कॅमेऱ्याने शोधणं शक्य आहे. पुरलेल्या सुरुंगाच्या बाबतीत तुम्ही सुरुंग शोधत नसता, कुणीतरी कधीतरी तिथे खड्डा केल्याची खूण शोधत असता. प्रोजेक्टच्या शीर्षकातच हा फरक लिहा, म्हणजे परीक्षकासमोर गडबड होत नाही.

३. कोणते बँड लागतात? साधा कॅमेरा का नाही चालत?

साध्या कॅमेऱ्याला लाल, हिरवा, निळा एवढेच तीन रुंद पट्टे. हिरव्या गवतात हिरवं प्लास्टिक त्याला गवतासारखंच दिसतं. पण हरितद्रव्य ६७०-६८० नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश शोषतं आणि ७०० च्या पुढे त्याचं परावर्तन एकदम उसळी घेतं. हिरवं प्लास्टिक तशी उसळी त्या जागी घेत नाही. म्हणून शेतीच्या मल्टिस्पेक्ट्रल (प्रकाशाचे अरुंद पट्टे वेगवेगळे टिपणाऱ्या) कॅमेऱ्यातले नेहमीचे पाच बँड (साधारण ४७५, ५६०, ६६८, ७१७ आणि ८४० नॅनोमीटर) सुरुवातीला पुरतात. ७१७ चा रेड-एज आणि ८४० चा निअर-इन्फ्रारेड हेच इथले कामाचे बैल.

जोडीला ध्रुवीकरण (पोलरायझेशन, म्हणजे प्रकाशलहरींची कंपनं एकाच दिशेत येणं) मोजणारा फिल्टर लावता आला तर उत्तम. माणसाने बनवलेला गुळगुळीत पृष्ठभाग परावर्तित प्रकाशाचं ध्रुवीकरण करतो, खडबडीत माती फारसं करत नाही.

४. आमच्याकडे पिकांच्या सर्व्हेचा ड्रोन आहे. तोच वापरला तर? आणि किती उंचीवरून?

ड्रोन तोच चालेल, उंची चालणार नाही. हिशोब एकदा हाताने करून बघा. जमिनीवरचा पिक्सेल म्हणजे सेन्सरच्या पिक्सेलचा आकार गुणिले उंची, भागिले लेन्सची नाभीय लांबी (फोकल लेंथ). सेन्सरचा पिक्सेल ३.७५ मायक्रॉन आणि लेन्स ५.४ मिलिमीटर धरली, तर १२० मीटरवरून एक पिक्सेल ८.३ सेंटिमीटरचा होतो. पीएफएम-१ त्यात दीड पिक्सेलचा ठिपका. कापसावरचा रोग कळेल, सुरुंग नाही.

तोच कॅमेरा १० मीटरवर आणा. पिक्सेल ०.६९ सेंटिमीटर होतो. ६.४ सेंटिमीटर रुंदीचा पीएफएम-१ आडवा नऊ पिक्सेल भरतो, ५.६ सेंटिमीटर व्यासाचा एम-१४ (प्लास्टिकचा छोटा गोल सुरुंग) आठ पिक्सेल. आठच्या खाली आम्ही जात नाही.

आता याची किंमत. १२८० बाय ९६० पिक्सेलचा फोटो १० मीटरवरून ८.८ बाय ६.६ मीटर जागा टिपतो. पुढे ८० टक्के ओव्हरलॅप (दोन फोटोंत सारखी येणारी जागा) ठेवला तर दर १.३ मीटरला एक फोटो हवा. कॅमेरा सेकंदाला एकच फोटो काढत असेल तर वेगही १.३ मीटर प्रति सेकंद, म्हणजे औतामागे चालणाऱ्या माणसाइतका. बाजूला ७५ टक्के ओव्हरलॅप धरला की उड्डाणाच्या दोन ओळींमधलं अंतर २.२ मीटर. एका हेक्टरला ४५ ओळी, साडेचार किलोमीटर उड्डाण, जवळजवळ एक तास. एकराला तेवीस-चोवीस मिनिटं, वळणांचा वेळ वेगळा. बॅटऱ्या किती लागतील ते यावरून ठरवा. ‘दिवसाला शंभर एकर’ असं सिनॉप्सिसमध्ये लिहू नका.

५. थर्मल कॅमेरा लावायचाच का? कोणत्या वेळी उडवायचं?

पुरलेल्या वस्तूंसाठी लावायचाच. प्लास्टिकचा सुरुंग खाली जाणारी उष्णता अडवतो. दिवसा त्याच्या वरची मातीची पातळ चकती आजूबाजूपेक्षा लवकर तापते आणि रात्री लवकर निवते. पण दिवस-रात्रीच्या तापमानाची लाट कोरड्या मातीत १०-१२ सेंटिमीटरवरच एक तृतीयांशाच्या आसपास उरते. फार खोलवर पुरलेलं काही या मार्गाने सापडणार नाही.

वेळ महत्त्वाची. सकाळी सूर्य वर आल्यावर आणि पुन्हा संध्याकाळी अशी दोनदा वेळ येते, जेव्हा सुरुंगावरची माती आणि शेजारची माती सारख्याच तापमानाला असतात आणि चित्रातला फरक पुसला जातो. त्याच वेळी उडवून ‘काही दिसलं नाही’ असं लिहिणारे दरवर्षी दोन-तीन गट असतात. पहाटे एक आणि दुपारच्या आत एक अशी दोन उड्डाणं करा आणि दोन्ही चित्रांचा फरक काढा. एकेका चित्रापेक्षा हा फरक जास्त बोलतो.

६४० बाय ५१२ चा, १२ मायक्रॉन पिक्सेलचा सेन्सर १३ मिलिमीटर लेन्ससह १० मीटरवरून ०.९२ सेंटिमीटरचा पिक्सेल देतो. म्हणजे पट्टा ५.९ मीटरचाच. प्रश्न ४ मधला ओळींचा हिशोब थर्मलसाठी वेगळा मांडावा लागतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

उत्तर चाडच्या वाळवंटात ड्रोनच्या थर्मल कॅमेऱ्याने पुरलेले सुरुंग प्रत्यक्ष शोधले गेले आहेत. पण ती कोरडी, उघडी वाळू. आपल्या मातीचं प्रश्न ६ आणि ९ मध्ये.

६. शोधनिबंधांत ८ ते ९.५ मायक्रॉन तरंगलांबीच्या थर्मल चित्रात उकरलेली माती ठळक दिसते. आमच्या चित्रात काहीच नाही. कॅमेरा खराब आहे का?

कॅमेरा ठीक आहे. माती वेगळी आहे. त्या पेपरांतली खूण क्वार्ट्झची. क्वार्ट्झ ८ ते ९.५ मायक्रॉनच्या पट्ट्यात एक खास ओळख दाखवतं. पावसाने धुतलेल्या जमिनीच्या वर स्वच्छ वाळूचे कण राहतात, तिथे ती ओळख ठळक असते. खड्डा केला की खालची बारीक माती वर येते, कणांवर तिचा लेप बसतो आणि ओळख फिकी पडते. हा फरक पकडणं हा हवाई सुरुंगशोधातला सगळ्यांत गाजलेला उपाय.

आता आपली जमीन बघा. मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टवर आहे. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतंच. त्याच्या झिजेतून झालेल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर. जी खूणच नाही ती पुसली गेली हे कॅमेरा कसं दाखवणार? एका गटाने महागडा फिल्टर मागवून सहा महिने जालन्याजवळच्या रानात ही खूण शोधली. ते पैसे वाचले असते, आधी माती ओळखली असती तर. मार्गदर्शकांनीही विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही पहिल्या वर्षी विचारलं नव्हतं.

खूण बघायचीच असेल तर नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला देगलूर, बिलोलीकडे जा. तिथे ग्रॅनाइटचा भाग आहे, रेताड तांबूस जमिनीत क्वार्ट्झ मिळतं. काळी माती आणि देगलूरची माती, दोन्हीत तोच डमी (खोटा सुरुंग, प्रश्न १०) पुरून तुलना केली, तर तेवढाच एक चांगला प्रोजेक्ट होतो.

७. काळ्या रानाचे सगळे बँड काळेकुट्ट येतात. एक्स्पोजर वाढवलं की फोटो हलतो. काय करायचं?

काळी माती, विशेषतः ओली, फारच थोडा प्रकाश परत देते. कॅमेरा ऑटोवर असेल तर बांधावरचं गवत किंवा चुनखडीचा पांढरा पट्टा चित्रात आला की तो एक्स्पोजर कमी करतो आणि माती चित्राच्या गोंगाटात (नॉइजमध्ये) बुडते. एक्स्पोजर हाताने ठरवा, मातीसाठी ठरवा, बांध पांढरा होऊन गेला तरी जाऊ द्या.

हलण्याचा हिशोब सोपा आहे. १.३ मीटर प्रति सेकंद वेगाला १/२०० सेकंदाचं शटर म्हणजे ०.६५ सेंटिमीटर सरक, जवळजवळ एक पिक्सेल. त्याहून सावकाश शटर नको. अजून प्रकाश हवा असेल तर वेग कमी करा.

कॅलिब्रेशनची पाटीही (किती प्रकाश परत देते ते आधीच माहीत असलेली) बदलावी लागते. कॅमेऱ्यासोबत येते ती साधारण निम्मा प्रकाश परत देणारी. मातीसाठी लावलेल्या एक्स्पोजरला ती चित्रात पांढरीफटक होते. दुसरी, गडद करड्या रंगाची पाटी जोडीला ठेवा आणि दोन बिंदूंवरून परावर्तनाची रेषा काढा. पाटी उड्डाणाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा टिपायची. ढग मधेच येतो.

८. पाचही बँड एकमेकांवर बसत नाहीत. सॉफ्टवेअर तर जुळवून देतं म्हणतात.

पाच बँड म्हणजे पाच लेन्स, शेजारी-शेजारी. दोन लेन्समध्ये ३ सेंटिमीटर अंतर असेल तर जमिनीवरही चित्र ३ सेंटिमीटर सरकलेलं असतं. १२० मीटरवरून ते अर्ध्या पिक्सेलहून कमी, कुणाच्या लक्षातही येत नाही. १० मीटरवरून तेच चार पिक्सेल होतं आणि तुमचा सुरुंग आठ पिक्सेलचा. मग प्रत्येक दगडाच्या कडेला रंगीत झालर दिसते आणि अल्गोरिदम तिलाच सुरुंग समजतो. ज्या उंचीवरून उडणार त्याच उंचीवर जुळवणी करून घ्या. उंची बदलली की पुन्हा.

९. चाचणी कोणत्या महिन्यात घ्यायची? उन्हाळ्यात रान मोकळं असतं ना?

मोकळं असतं, पण भेगाळलेलं. एप्रिल-मेमध्ये काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. थर्मल चित्रात त्यांचं जाळं दिसतं आणि भेगांनी वेढलेला प्रत्येक तुकडा सुरुंगासारखा वेगळा तापतो. भर पावसात चिखल. नांगरट, वखरणी झालेल्या रानात तर सगळीच माती उकरलेली, खड्ड्याची खूण कुठून येणार?

आमचा अनुभव: रब्बीची ज्वारी काढल्यावर, धसकटं वेचल्यावर, भेगा मोठ्या व्हायच्या आत. किंवा मृगाच्या आधी एखादा वळवाचा पाऊस झाला, की वाफसा आल्यावर. वाफशाला उकरलेली आणि न उकरलेली माती वेगवेगळ्या वेगाने सुकते आणि दोन-तीन दिवस तो फरक थर्मलमध्ये आणि उजेडातही छान दिसतो. शेतमालकाला विचारा, ‘वाफसा कधी येईल?’ हवामानाच्या ॲपपेक्षा त्याचं उत्तर बरोबर निघतं.

१०. डमी सुरुंग कशाचे करायचे?

स्फोटक, फटाके, खऱ्या सुरुंगाची टरफलं, काहीही नको. प्लास्टिकच्या झाकणाचे गोल डबे (श्रीखंडाचा छोटा डबा एम-१४ पेक्षा थोडा मोठा होतो, चालतो) आणि आत मेण. उष्णतेच्या दृष्टीने मेण किंवा सिलिकॉन रबर ठीक काम करतं, रिकामा डबा नाही. प्रत्येक डब्यावर ‘चाचणी वस्तू’ असं मराठीत लिहा, संख्या नोंदवा, आणि शेवटी मोजून सगळे परत काढा. राहिलेला डबा पुढच्या वर्षी नांगराला लागला तर गावात काय गोंधळ होईल त्याची कल्पना करा.

जेवढे डबे पुराल तेवढेच खड्डे काहीही न पुरता नुसते उकरून बुजवा. ते वेगळे ओळखता आले नाहीत, तर तुमची सिस्टिम खड्डे शोधते आहे. आणि निम्मे डबे एक पावसाळा तसेच राहू द्या. कालचा खड्डा कुणालाही सापडतो.

११. आमच्या एआय मॉडेलची अचूकता ९९ टक्के आली. पेपर लिहू का?

आधी एक विचारतो: चाचणीचे फोटो कुठल्या रानातले? अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये पीएफएम-१ वर नेमकं हेच तपासलं. प्रशिक्षणाशी अंशतः संबंध असलेल्या फोटोंवर त्यांच्या मॉडेलची अचूकता ९९.३ टक्के होती. पूर्णपणे वेगळ्या ठेवलेल्या फोटोंवर ती ७१.५ वर आली. दोन्ही आकडे त्यांनी छापले, हा त्यांचा प्रामाणिकपणा.

८० टक्के ओव्हरलॅपने काढलेले फोटो नुसते पत्त्यांसारखे पिसून प्रशिक्षण आणि परीक्षेत वाटून टाकले, तर तोच डबा प्रशिक्षणातही येतो आणि परीक्षेतही. रान वेगळं, दिवस वेगळा, जमल्यास तालुका वेगळा ठेवा. मग जो आकडा येईल तो छापा.

१२. आरएक्स अल्गोरिदम लावला तर रानभर लाल ठिपके. किती फॉल्स अलार्म चालतात?

आरएक्स म्हणजे आजूबाजूच्या मातीच्या सरासरीपेक्षा वेगळं काय ते दाखवणारी पद्धत. सुरुंग कसा दिसतो हे तिला सांगावं लागत नाही, म्हणून सोयीची. पण आपल्या रानात वेगळं काय नसतं? शेणाचे पो, ठिबकची तुटकी नळी, गुटख्याच्या पुड्या, उंदराची बिळं, उन्हाने तापलेलं ढेकूळ, चुनखडीचे खडे.

चौरस मीटरला ०.०५ फॉल्स अलार्म (खोट्या खुणा) ऐकायला कमी वाटतं. हेक्टरला ते ५०० होतात आणि प्रत्येक जागी कुणीतरी गुडघ्यावर बसून, सळई तिरकी घालून तपासणार. म्हणून अहवालात टक्केवारी नको. किती डमी सापडले आणि हेक्टरी किती खोट्या खुणा आल्या, हे दोन आकडे एकत्र द्या. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. मल्टिस्पेक्ट्रल आणि थर्मल दोन्हीत दिसलेल्या जागाच धरल्या तर खोट्या खुणा बऱ्याच गळतात. त्यासाठी प्रश्न ८ मधली जुळवणी थर्मललाही लागते.

१३. लष्करी सुरुंग रांगेत पेरतात म्हणे. मग रांगा शोधल्या तर?

कल्पना बरोबर आहे आणि जुनी आहे. एकेका ठिपक्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा सरळ रेषेतले, सारख्या अंतरावरचे ठिपके शोधले की फॉल्स अलार्म कमी होतात. फक्त इथे तिफण आडवी येते. सोयाबीन, तूर, ज्वारी सगळंच रांगेत, सारख्या अंतरावर. आमच्या पहिल्या चाचणीत मॉडेलने एका शेतात बेचाळीस ‘सुरुंगांच्या रांगा’ दाखवल्या. त्या तुरीच्या होत्या. पेरणीची दिशा आणि अंतर आधी काढून त्या रेषा वगळा. हाताने विखुरलेल्या किंवा विमानातून टाकलेल्या सुरुंगांना मात्र रांग नसतेच.

१४. त्यापेक्षा मेटल डिटेक्टर किंवा जमिनीत बघणारं रडार ड्रोनला लटकवलं तर?

काळ्या मातीत दोघांचीही पंचाईत. ओली चिकणमाती रडारच्या लहरी गिळते. बेसॉल्टच्या मातीत मॅग्नेटाइट असल्याने मेटल डिटेक्टर मातीलाच धातू समजून बोलत राहतो. शिवाय एम-१४ सारख्या सुरुंगात धातू नावालाच. १९९६ च्या सुधारित प्रोटोकॉल २ ने (पारंपरिक शस्त्रांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा भाग; भारत त्याचा सदस्य आहे) माणसांविरुद्धच्या सुरुंगांनी किमान ८ ग्रॅम लोखंडाइतका प्रतिसाद दिला पाहिजे असं ठरवलं, ते याच कारणाने. माणसांविरुद्धच्या सुरुंगांवर पूर्ण बंदी घालणाऱ्या १९९७ च्या ओटावा करारात मात्र भारत नाही. परीक्षेत ही दोन नावं हमखास उलटसुलट होतात.

१५. ड्रोन उडवायला परवानगी लागते का?

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ग्रीन झोनमध्ये (सरकारी हवाई नकाशावरच्या मोकळ्या भागात) ४०० फुटांपर्यंत वेगळी हवाई परवानगी लागत नाही. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना संशोधनासाठी, ग्रीन झोनमध्ये आणि स्वतःच्या आवारात किंवा स्वतःच्या ताब्यातल्या मोकळ्या जागेत, नोंदणी आणि पायलट परवान्यातूनही सूट आहे. चिकलठाणा, नांदेड, लातूर विमानतळांच्या आसपास असाल तर आधी सरकारी हवाई नकाशा बघा. गावच्या पोलीस पाटलांना आणि ठाण्याला कळवणं नियमात असो वा नसो, कळवा. ‘सुरुंग’ हा शब्द रानात ओरडून वापरू नका.

१६. आमच्या नकाशावर रान स्वच्छ दिसलं. मग ते सुरक्षित समजायचं का?

नाही. प्रश्न २ पुन्हा वाचा. ड्रोनच्या चित्राचा उपयोग कुठे आधी बघायचं हे ठरवायला. जमीन मोकळी केल्याचा दाखला प्रशिक्षित माणसं, ठरलेल्या खोलीपर्यंत तपासून देतात. तुमच्या नकाशावर दोनच रंग ठेवा: ‘संशयास्पद’ आणि ‘माहिती नाही’. हिरवा रंग वापरूच नका.

१७. पूर येऊन गेला तर जुना ड्रोन नकाशा चालतो का?

हा प्रश्न एका निवृत्त सुभेदारांचा. २०१४ च्या मे महिन्यात बोस्नियात पूर आणि दरडींनी जुने सुरुंग आणि त्यांच्या धोक्याच्या पाट्या जागच्या हलवल्या. २०२३ मध्ये युक्रेनमधलं काखोव्का धरण फुटल्यावरही तेच झालं. हलक्या प्लास्टिकचा सुरुंग पाण्याबरोबर जातो, गाळाखाली दबतो, आणि तिथे खड्डा कधी झालेलाच नसतो. म्हणजे उकरल्याची खूण नाही, रांग नाही, जुना नकाशा चुकीचा. उरतं ते फक्त थर्मल, तेही गाळ पातळ असेल आणि सुकला असेल तर.

चाचणी घ्यायची असेल तर गोदाकाठच्या मळईत एक डबा खड्डा न करता ठेवा आणि वरून बादलीने गाळ ओता. सुभेदारांनी सुचवलेली हीच पद्धत आम्ही आता वापरतो. पहिल्या खेपेला दहापैकी तीन डबे सापडले.